अंधारं आकाश शोधायचं कसं: अंतर नंतर बघा, आधी दिशा बघा

पाऊस ओसरला की ओळखीतले दोन-चार जण तरी विचारतातच, तारे बघायला कुठे जाऊ, एखादं नाव सांग. पूर्वी मी पटकन एक नाव सांगून मोकळा व्हायचो. आता नाही सांगत, कारण माझ्या सांगण्यावरून एक मित्र बायकापोरांना घेऊन दीडशे किलोमीटर गाडी मारून गेला, पौर्णिमा चार दिवसांवर आलेली, मुक्काम रिसॉर्टमधे, समोर लॉनवर रात्रभर फोकस चालू, आणि पोरांना दिसलं काय तर घरच्या गच्चीवरून दिसतात त्याहून थोडे जास्त तारे. ठिकाण चांगलंच होतं हो, बाकी सगळं चुकलं होतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, ज्यांनी आजवर मुद्दाम असं आकाश बघितलेलंच नाही त्यांच्यासाठी, अगदी पहिल्यापासून.

आधी काय बिघडलंय ते बघू

तारे कुठे गेलेले नाहीत. रस्त्यावरचे दिवे, होर्डिंग, बांधकामाच्या साईटवरचे फोकस, सोसायटीच्या गेटवरचे हॅलोजन यांचा बराचसा उजेड जमिनीवर पडायच्या ऐवजी आडवा किंवा सरळ वर जातो, हवेतल्या धुळीवर, बाष्पावर, धुरावर पडून पसरतो आणि परत खाली येतो, त्यामुळे अख्खं आकाशच उजळतं. तारा तेवढाच तेजस्वी असतो पण त्याच्या मागचं काळं गेलं की तो दिसेनासा होतो. दिवसा तारे दिसत नाहीत ते ह्याच कारणाने, फक्त तिथे दिवा सूर्याचा असतो.

त्यात गेल्या काही वर्षांत पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी सगळीकडे पांढरे एलईडी आले. वीज वाचली हे खरं आहे, पण पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त असतो आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, दिवसाचं आकाश निळं दिसतं ते त्यामुळेच. शिवाय एलईडी स्वस्त पडतात म्हणून जिथे एक दिवा होता तिथे चार लागले. २०१६ साली जगभरातल्या रात्रीच्या उजेडाचा नकाशा प्रसिद्ध झाला, त्यातून निघालं की जगातल्या एक तृतीयांश लोकांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसतच नाही. आणि २०२३ मधे सायन्स या नियतकालिकात आलेला अभ्यास तर मला फारच लागला: हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या नोंदींवरून त्यांनी काढलं की रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत चाललंय, म्हणजे मूल जन्मलं तेव्हा जिथून २५० तारे दिसत होते तिथून ते १८ वर्षांचं होईपर्यंत १०० च्या आसपासच दिसतील.

पहिलं काम, घरच्या गच्चीवर

कुठेही जायच्या आधी आपलं स्वतःचं आकाश मोजून घ्या, नाहीतर बाहेर जाऊन किती फरक पडला ते कळणार नाही. डिसेंबर ते मार्च या काळात संध्याकाळी मृग नक्षत्र शोधा, हरणाचे चार पाय म्हणजे मोठा चौकोन आणि मधे बाणाचे तीन तारे ओळीत, हे शहरातूनही दिसतं. आता त्या चौकोनाच्या आत बाण सोडून आणखी किती तारे दिसतात ते मोजा. मोठ्या शहरात बरेचदा उत्तर शून्य किंवा एक-दोन येतं. मग तिथून रोहिणीच्या पुढे गेलं की कृत्तिकांचा छोटासा झुबका आहे, त्यातले वेगवेगळे तारे किती दिसतात? शहरात तीन-चार, किंवा नुसतंच धुरकट काहीतरी. चांगल्या अंधारात साध्या नजरेच्या माणसाला सहा सहज दिसतात, नजर तीक्ष्ण असेल तर सात किंवा जास्तही.

ही संख्या वहीत लिहून ठेवा, तारीख आणि वेळेसकट. माझी पहिली नोंद आहे ‘गच्ची, कृत्तिका ३, मृगाच्या चौकोनात काही नाही’. ती वही अजून वापरतो.

आकाश किती अंधारं आहे ते सांगायला बॉर्टल स्केल नावाची पट्टी वापरतात. जॉन बॉर्टल या अमेरिकन निरीक्षकाने २००१ साली ती मांडली, १ म्हणजे निखळ अंधार आणि ९ म्हणजे महानगराचा मध्य. नवीन माणसाने १ आणि २ च्या मागे अजिबात लागू नये. ८ मधून उठून ४ मधे गेलात तरी पहिल्या रात्री तुम्हाला पुरून उरेल इतकं दिसतं.

दुसरं काम, तारीख

ह्यासाठी कुठलं ॲप लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय काढा. चंद्राचा उजेड सगळ्यात अंधाऱ्या जागेचंही शहर करून टाकतो, त्यामुळे तारीख चुकली की बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. नियम सोपा आहे: कृष्ण अष्टमीपासून शुक्ल चतुर्थीपर्यंतच्या रात्री धरा. अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे संध्याकाळपासून तोपर्यंत अंधार तुमचा, पुढे रोज तो साधारण पाऊण-एक तास उशिरा येतो. संकष्टीला चंद्रोदय नऊच्या आसपास असतो हे उपास करणाऱ्या घरांना माहितीच असतं, तेव्हा संकष्टीची रात्र उपयोगाची नाही. उलट बाजूने शुक्ल चतुर्थीचा चंद्र साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यानंतर अंधार.

आणखी एक, सूर्य मावळला म्हणजे लगेच अंधार पडत नाही. आपल्याकडे पूर्ण अंधार व्हायला सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तास लागतो.

अमावस्येला रात्री बाहेर पडायचं नाही असं मानणारी घरं पुष्कळ आहेत, आमच्या आजीचा तर सक्त विरोध असायचा. तिथे वाद घालू नका, दोन दिवस आधीची किंवा नंतरची रात्र घ्या, आकाशाच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही. दिवाळीतली अमावस्या मात्र स्वतःहून टाळा, फटाक्यांचा धूर आणि रोषणाई दोन्ही असतं. आणि लातूर, धाराशिवकडची जी मंडळी येळवशीला शेतात जेवायला जातात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ती मार्गशीर्ष अमावस्या असते, हवा थंड, चंद्र नाही, तुम्ही आधीच शेतात आहात, भज्जी-अंबील झाल्यावर लगेच गावात परत येऊ नका, आठ वाजेपर्यंत थांबा आणि पोरांना वर बघायला सांगा, मृग पूर्वेला उगवून आलेला असतो.

मोसमाचं म्हणाल तर परतीचा पाऊस गेल्यावर ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर, हवा धुतलेली असते, त्यासारखे दिवस नाहीत. डिसेंबर-जानेवारी पण छान, पण नदीकाठी आणि धरणाच्या खोऱ्यात पहाटे धुकं भरतं म्हणून जरा उंचावर जा. उसाच्या पट्ट्यात गळीत हंगाम चालू असला की कारखान्याचा उजेड आणि जाळलेल्या पाचटाचा धूर दोन्हीचा त्रास होतो. मार्च ते मे हवा थोडी धुरकट, पण आकाशगंगेचा भरगच्च भाग तेव्हा उंचावर दिसतो. जून ते सप्टेंबर विसरा.

तिसरं काम, दिशा, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो तो मुद्दा. लोक विचारतात शहरापासून किती लांब जायचं. मी म्हणतो शहराच्या कुठल्या बाजूला जायचं ते आधी ठरवा.

आपण महाराष्ट्रात साधारण १६ ते २२ उत्तर अक्षांशात राहतो. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजावर तेवढाच अंश वर असतो, म्हणजे बराच खाली. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश होते, म्हणजे पुण्यातून ध्रुव दोन मुठींपेक्षाही थोडा खालीच. त्यामुळे उत्तरेकडचं आकाश आपल्याला कमी आणि दक्षिणेकडचं भरपूर मिळतं, युरोपातल्या लोकांना ज्याचा हेवा वाटावा असं. अगस्त्य हा व्याधाखालोखाल दुसरा तेजस्वी तारा, तो आपल्याकडे दक्षिणेला जेमतेम दोन मुठी वर येतो. त्रिशंकू, म्हणजे सदर्न क्रॉस, मे महिन्यात दक्षिणेला एक मूठभर उंचीवर उभा असतो. वृश्चिक राशीतल्या विंचवाची नांगी, म्हणजे मूळ नक्षत्र, धनू राशीतलं आकाशगंगेचं केंद्र, हे सगळं दक्षिणेला, आणि त्यातलं बरंचसं खाली, क्षितिजाजवळ.

आणि शहराचा उजेड कुठे असतो? तोही क्षितिजाजवळच. पन्नास किलोमीटरवरच्या शहराचा उजेड डोक्यावर फारसा जाणवत नाही पण त्या दिशेच्या क्षितिजावर पालथ्या टोपलीसारखा एक फिकट घुमट दिसतो. तो घुमट जर तुमच्या दक्षिणेला असला तर जे बघायला आलात तेच त्याने खाल्लं. उत्तरेला असला तर फार तर ध्रुवाच्या आसपासचे बारीक तारे जातात, सप्तर्षी काय, त्यातूनही दिसतात.

म्हणून शहर उत्तरेला राहील अशा बाजूला जा. शहर पाठीशी, तोंड दक्षिणेला.

अंतराचा ढोबळ हिशोब असा की अंतर दुप्पट केलं तर त्या शहराचा आकाशातला उजेड पाच-सहा पटीने कमी होतो. म्हणजे २५ वरून ५० किलोमीटरवर जाण्यात प्रचंड फायदा आहे, पण १०० वरून १२५ वर जाण्यासाठी जीव काढण्यात अर्थ नाही.

आता मोबाईलवर लाइट पोल्युशन मॅप उघडा, ब्राउझरमधे फुकट चालतो. त्यात दोन थर असतात ते गोंधळून टाकतात. एक सॅटेलाइटने वरून दिसलेले दिवे दाखवतो, दुसरा, वर्ल्ड ॲटलस नावाचा, त्या दिव्यांमुळे त्या जागेवरून आकाश किती उजळ दिसेल त्याचा अंदाज दाखवतो. आपल्याला दुसरा हवा. पांढऱ्या-लाल रंगापासून सुरू होऊन नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, राखाडी असे पट्टे बाहेर बाहेर जातात. पिवळा-हिरवा चालेल, निळ्यात जागा मिळाली तर सोनं. टिचकी मारली की आकडा येतो, २२ च्या जवळ म्हणजे जवळपास नैसर्गिक अंधार, १७-१८ म्हणजे शहर, २१ च्या वर असलं की आकाशगंगा छान दिसते. पण लक्षात ठेवा, हा थर २०१५ च्या सुमाराच्या माहितीवर बेतलेला आहे आणि त्या सॅटेलाइटला एलईडीचा निळा भाग नीट दिसत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जागा नकाशापेक्षा थोडी उजळच निघते. तेवढं धरून चाला.

उदाहरण म्हणून पुणं घेतो. पुण्याहून वेल्ह्याच्या बाजूला, नैऋत्येला जा, तोरणा मागे टाकून केळद, मढे घाटाकडे. पुण्याचा घुमट ईशान्येला राहतो, दक्षिण मोकळी, पश्चिमेला खाली महाडकडचा थोडा उजेड येतो तो चालतो. तेच पुण्याच्या उत्तरेला जुन्नर, नाणेघाटाकडे गेलात तर जागा देखणी आहे, अंधारही आहे, पण पुणं आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही बरोब्बर दक्षिणेच्या अंगाला येतात.

मुंबईकरांनी अनेक वर्षं वांगणीला जाऊन तारे बघितले, लोकलने जाता येतं म्हणून. खगोल मंडळासारख्या संस्थांचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे व्हायचे, आकाश ओळखायला तिथे शिकलेली कितीतरी माणसं आहेत. पण बदलापूर, अंबरनाथ वाढत गेलं तसं ते आकाश फिकं पडत गेलं. आता गाडी असेल तर मुरूड किंवा आणखी खाली केळशी, वेळासकडे जा, मुंबई उत्तरेला राहते आणि समोर समुद्र, त्यावर दिवेच नाहीत. मासेमारी बोटींचे असतात, ते सोडा. वेळासच्या किनाऱ्यावर मात्र कासवांच्या हंगामात टॉर्च मारत फिरू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात.

नाशिककरांना भंडारदरा अगदी बरोबर बाजूला आहे, नाशिक उत्तरेला राहतं. कोल्हापूरकरांना राधानगरी, दाजीपूर. गोव्यात दक्षिणेला काणकोणकडे, मडगाव पाठीशी ठेवून. छत्रपती संभाजीनगरच्या लोकांना गौताळा जवळ पडतं पण तिथून शहर आग्नेयेला येतं, म्हणजे विंचू उगवताना त्या उजेडातून उगवणार, तो दक्षिणेला सरकेपर्यंत दोन-तीन तास धीर धरायचा.

आणि नागपूरकरांकडे पेंच आहे. जानेवारी २०२४ मधे पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. दिशेच्या हिशोबाने नागपूर तिथून दक्षिणेला येतं, पण तिथे नुसता नैसर्गिक अंधार नाही, आसपासच्या गावांतले दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले गेले, म्हणजे अंधार राखायचा असं ठरवून राखलाय. मला त्या गावांचं फार कौतुक वाटतं. लडाखमधलं हानले तर ४,५०० मीटरवर आहे, २०२२ साली ते डार्क स्काय रिझर्व म्हणून घोषित झालं, पण तिथली विरळ हवा सोसायला शरीर तयार लागतं, पहिल्याच फेरीला तिथे धावू नका.

चौथं काम, जागा दिवसा बघून या

नकाशावर निळा रंग दिसला तरी तुमच्या डोक्यावर हायमास्ट असेल तर सगळं वाया. हायमास्ट म्हणजे चौकात, देवळासमोर उभा केलेला तो उंच खांब, वर सहा-आठ फोकस. नकाशात तो दिसत नाही, दोन किलोमीटरवरून मात्र डोळ्यात घुसतो.

माझी एक आवडती जागा होती, डोंगराच्या कुशीतलं एक छोटं गाव, नाव नाही सांगत. चार वर्षं तिथल्या एका शेतात जायचो. पाचव्या वर्षी गेलो तर देवळासमोर हायमास्ट. मी शेतमालक काकांना म्हटलं, काका, हे काय झालं. ते म्हणाले, अहो बायामाणसांना, पोरींना रात्री येता-जाता बरं पडतं, बिबट्यापण येतो. त्यांचं काहीच चुकीचं नव्हतं. मग आम्ही बसून बोललो की उजेड पायाखाली हवाय ना, मग तो समोरच्या डोंगरावर कशाला पडतोय. फोकसांची तोंडं जवळजवळ आडवी होती. पुढच्या वेळी लाईट दुरुस्तीला माणूस आला तेव्हा काकांनीच पुढाकार घेऊन ती खाली करून घेतली, चौकात उजेड उलट वाढला आणि शेतावरचा अंधार बराचसा परत आला. आम्ही गेलो की रात्री दहानंतर तासभर बटण बंद करायचं एवढं गावाने मान्य केलं, त्या बदल्यात आम्ही शाळेतल्या पोरांना दुर्बिणीतून चंद्र आणि गुरू दाखवतो. सगळीकडे असं होईलच असं नाही, पण तक्रारीच्या सुरात गेलात तर नक्कीच होणार नाही.

तर दिवसा गेलात की काय बघायचं: दक्षिणेला झाड, डोंगर, घर आडवं येतंय का, रस्त्यावरच्या गाड्यांचे हेडलाईट थेट येतील का, गाडी लावायला आणि वळवायला जागा आहे का, रेंज आहे का. आणि जमीन कुणाची आहे. त्या माणसाला विचारल्याशिवाय रात्री कुणाच्याही शेतात शिरायचं नाही. गावात पोलीस पाटलांना सांगून ठेवा, किती जण, कधीपर्यंत, गाडीचा नंबर. अंधारात अनोळखी माणसं दिसली की गाव जागं होतं आणि त्यात त्यांची चूक नसते. जंगलखात्याच्या हद्दीत रात्री प्रवेश बंद असतो, बऱ्याच गडांवरही मुक्कामाला मनाई आहे, आधी चौकशी करा.

बिबट्याचा भाग असेल, उदाहरणार्थ जुन्नर-आंबेगावचा उसाचा पट्टा, तर उसाच्या कडेला बसायचंच नाही, मोकळं माळरान घ्या, एकट्याने जायचं नाही, लहान मुलांना मधे ठेवा. पायात बूट हवेतच, घोणस आणि फुरसं दोन्ही रात्रीच फिरतात, आणि चटई टाकायच्या आधी ती जागा चांगल्या पांढऱ्या टॉर्चने नीट बघून घ्या. ह्यात अंधाराचा आग्रह धरू नका. जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते माहिती असू द्या.

पाचवं, सामान

चटई, त्यावर पांघरायला घोंगडी किंवा जाड चादर, दव पडतं आणि पहाटेपर्यंत सगळं ओलं होतं, हे लोकांना खरं वाटत नाही. कानटोपी, थर्मासमधे चहा, डासांचं मलम. टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर दोन-तीन पदरी गुंडाळून रबरबँड लावा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, मंद लाल उजेडाने डोळ्यांना झालेली अंधाराची सवय फारशी मोडत नाही. मोबाईलवर आकाशाचा नकाशा दाखवणारं स्टेलॅरियम ॲप घ्या, त्यात नाईट मोड लाल असतो, पण तरी ब्राइटनेस अगदी कमी करा.

गाडीचं कुणी सांगत नाही ते सांगतो. दार उघडलं की आतला दिवा लागतो, डिकी उघडली की तिथला लागतो, रिमोट दाबला की चारी इंडिकेटर चमकतात. लागणारं सगळं सामान अंधार पडायच्या आधी बाहेर काढा आणि आतल्या दिव्याचं बटण बंद करून ठेवा. पंधरा माणसांची अर्ध्या तासाची मेहनत एका डिकीने घालवलेली मी बघितली आहे.

टेलिस्कोप लगेच घेऊ नका. अगदीच काही घ्यायचं तर दहा बाय पन्नासची द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर घ्या, ती आयुष्यभर वापरात राहते. पहिल्या दोन-तीन फेऱ्या तर नुसत्या डोळ्यांनीच करा.

सहावं, पहिला अर्धा तास

इथे बहुतेक नवीन लोक कंटाळतात आणि इथेच खरी गोष्ट घडते. आपल्या डोळ्याच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात, एक उजेडात आणि रंगांसाठी, दुसऱ्या अंधारासाठी. अंधारातल्या पेशींना लागणारं रसायन उजेडात विरून जातं आणि परत तयार व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. ते घाई करून होत नाही.

मागच्या नोव्हेंबरमधे सोबत आलेल्या एका कॉलेजच्या मुलीला मी कृत्तिका दाखवल्या आणि म्हटलं, दर पाच मिनिटांनी मोज आणि सांग. दिवे बंद केले साडेआठला. पहिल्या वेळी ती म्हणाली, काका, काहीतरी पुसल्यासारखं दिसतंय. पाच मिनिटांनी तीन. पंधराव्या मिनिटाला पाच, मधेच सहा. पंचविसाव्या मिनिटाला सहा पक्के, आणि तेवढ्यात ती गप्प झाली कारण नजर बाजूला गेली आणि तिला डोक्यावरून गेलेला फिकट पट्टा दिसला. ढग आलाय का म्हणाली. ढग हलतो, हा हलत नव्हता. ती आकाशगंगा होती, तीही हिवाळ्यातली, जी उन्हाळ्यातल्यापेक्षा खूप फिकी असते. नंतर तिने घरी फोन करायला म्हणून स्क्रीन उघडली, दहा सेकंद असेल, आणि परत वर बघितलं तर पट्टा गायब, पुन्हा वीस मिनिटं.

म्हणून फोन खिशात. फोटो हवा असेल तर एकाच माणसाने काढायचा, जरा लांब जाऊन.

आणि फिकी गोष्ट बघताना थेट तिच्याकडे बघू नका, किंचित बाजूला बघा. पडद्याच्या बरोबर मध्यभागी अंधारातल्या पेशी नसतातच, म्हणून तिरक्या नजरेला जास्त दिसतं. हे जमलं की देवयानी दीर्घिका, म्हणजे अँड्रोमेडा गॅलेक्सी, सापडते, नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर, एक लांबट धुरकट ठिपका. तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला आहे, आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

बाकी काय कधी बघायचं

हिवाळ्यात संध्याकाळी मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका, पुनर्वसू आणि जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिणेला अगस्त्य. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, आपल्याकडून दिसणाऱ्या वर्षावांत मला तो सगळ्यात भरवशाचा वाटतो कारण आकाश स्वच्छ असतं, रात्री दहानंतर आडवे पडा आणि नुसतं वर बघत राहा, त्या वर्षी चंद्र कुठे आहे ते मात्र आधी बघा.

आकाशगंगेच्या केंद्राकडचा भरगच्च भाग मार्चमधे पहाटे तीननंतर, एप्रिलमधे मध्यरात्रीनंतर आणि मे महिन्यात अकराच्या पुढे आग्नेयेला वर येतो, विंचवाच्या नांगीच्या बाजूने. मे मधे पहाटे तीनच्या सुमारास तो दक्षिणेला चार मुठी उंच असतो, आणि शहर पाठीशी असेल तर त्यातले काळे पट्टे, धुळीचे, नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसतात. ऑक्टोबरमधे हाच भाग काळोख पडल्यापासून नऊपर्यंत नैऋत्येला मिळतो, लहान मुलं असतील तर हीच वेळ घ्या, जागरण नाही.

मेच्या शेवटी भंडारदरा किंवा राधानगरीला गेलात तर खाली काजवे असतात. काजव्यांचं आपसातलं बोलणंच उजेडाचं आहे, आपल्या टॉर्चने आणि गाड्यांच्या लाईटने ते मोडतं, तेव्हा गाडी लांब लावून चालत जा.

एकट्याने सुरुवात करायला भीती वाटत असेल तर खुशाल संस्थेबरोबर जा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करतेय, मुंबईत खगोल मंडळ आहे, दोन्हीकडे नवीन माणसाला समजावून सांगतात आणि सुरक्षेची बाजू त्यांनी बघितलेली असते. एक-दोन कार्यक्रम त्यांच्याबरोबर केले की मग स्वतःची जागा शोधा, आणि सापडली की दरवर्षी तिथेच जा, वेगवेगळ्या महिन्यांत. एका जागेचं क्षितिज पाठ झालं की कुठला तारा कुठल्या झाडामागून येतो ते कळायला लागतं, आणि नवीन दिवा लागला तर तोही लगेच कळतो.

परतीचं शेवटचं. पहाटे चारला सगळं आवरून घाटातून गाडी हाणत घरी जायचं नाही, डोळे जड असतात आणि ते आपल्याला कळत नाही. दोन तास तिथेच गाडीत किंवा गावात ओळखीच्या ओट्यावर झोपा, उजाडलं की चटईखाली काही राहिलं नाही ना बघा, कचरा पिशवीत घ्या, वहीत कृत्तिकांचा आकडा लिहा, शेतमालकांना सांगा आम्ही निघालो म्हणून, आणि मग गाडी काढा.